नऊ पेरांची मुंगी

घरातली मुंगी मी चोवीस वर्षांत एकदाही भिंगाखाली धरली नव्हती. कोण धरतं? साखरेच्या डब्यात दिसली की फुंकर मारायची आणि मोकळं व्हायचं. मला हवी होती रानातली मुंगी, आणि तिच्यापायी मी आईला वर्षभर सळो की पळो करून सोडलं होतं.

पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. डोंबिवलीला दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहायचो. मी एम.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते. माझे सर ठाण्याला राहायचे. त्यांचा स्वतःचा विषय मासे, पण मुंगीला त्यांनी नाही म्हटलं नाही, हे त्यांचे उपकारच. येऊरच्या डोंगरात ओढ्याकाठच्या दाट झाडीत पाचोळा चाळताना एका कुजक्या काटकीत मला ती सापडली. तिळाच्या निम्मी, पिवळट, चालली तरच दिसायची. काटकीसकट तेवीस मुंग्या मी घरी आणल्या. सरांनी मागवून दिलेल्या एकाही पुस्तकातलं वर्णन तिला लागू पडेना, तेव्हा ही नवीच जात म्हणून मी हवेतच होते.

त्या चालतात कशा, खातात काय, हे लिहायचं म्हणून आठवडाभर मी त्यांना जिवंत ठेवलं. इनॅमलची पसरट थाळी, तीत ओली माती आणि पाचोळा, काठाला एरंडेल. सकाळी मोजायचं आणि कॉलेजला जायचं. संध्याकाळी आले की एखाद-दोन मेलेल्या असायच्या. त्या मी स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे. बिचाऱ्यांना घरची हवा मानवत नसावी, असं मला वाटायचं. आठवड्याच्या शेवटी उरलेल्याही बाटलीत गेल्या. मग एकेक कागदाच्या त्रिकोणी कपट्यावर चिकटवून, टाचण्या टोचून, खाली 'येऊर'ची चिठ्ठी लावून, रविवारी पेटी सरांकडे नेली.

मुंगीच्या मिशीला उसासारखी पेरं असतात आणि एका जातीत ती ठरलेली असतात. सरांनी खिडकीशी सूक्ष्मदर्शक ओढला आणि मोजू लागले. पहिलीला नऊ पेरं. दुसरीला नऊ. तिसरीला बारा. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजली. बाराच.

"एका काटकीतल्या बहिणी ना ह्या?" सर म्हणाले. "मग एक तर तुमच्या बाटल्या मिसळल्यात, नाहीतर तुम्हाला मोजता येत नाही."

पुढच्या रविवारपर्यंत याचा उलगडा करा, नाहीतर मुंगी सोडा आणि माशांचे कल्ले घ्या, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे वर्ष फुकट, आणि वर अख्ख्या कॉलेजात 'हिला मोजता येत नाही' हा शिक्का. परत येताना मला रडू येत होतं आणि रागही. माझी बाटली एकच होती, मिसळणार कुठून?

आठवडाभर कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी त्याच तेवीस मुंग्या मोजल्या. पंधरांना नऊ पेरं, आठांना बारा. रोज तेच. गुरुवारपर्यंत माझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. असलं शिक्षण घेऊन करायचं काय, असं वाटायला लागलं. घरी आले की आईवर खेकसायचे, आमटीत मीठ कमी, कंदिलाची काच काळी, काहीही निमित्त पुरायचं. ती ऐकून घ्यायची. एरवी तिने मला चांगलंच सुनावलं असतं, तेव्हा का गप्प बसली ते माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी आले तेव्हा ती दुधाच्या जाळीच्या कपाटाशी बसली होती. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, त्यांतलं पाणी ती बदलत होती. मी पिशवी आपटली आणि तोंड सोडलं. डोळे फुटलेत माझे, सगळ्या मुंग्या एकसारख्या हव्यात तर तशा नाहीत, उद्या सर विषय काढून घेणार, झालं, आता जन्मभर मासे चिरते.

आईने तांब्या खाली ठेवला.

"अगं, त्यातल्या काही आपल्याच आहेत," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिने खाली मान घालून सगळं सांगितलं. मी कॉलेजला गेल्यावर ती थाळीपाशी जाऊन बसायची. त्या मुंग्या पांढरी पिल्लं तोंडात धरून काठाकाठाने फिरायच्या, कुठे ठेवू, कुठे ठेवू करत. तिला ते बघवेना. मग तिने कागदाच्या टोकाने एकेक उचलून न्हाणीमागच्या केळीच्या बुंध्याशी सोडली. पण मी मोजते हे तिला ठाऊक होतं. म्हणून जेवढ्या सोडल्या तेवढ्या कपाटाखालच्या वाटीत बुडून मेलेल्या, तशाच बारीक पिवळट घरच्या मुंग्या थाळीत ठेवल्या. त्या आधीच मेलेल्या होत्या, त्यामुळे पाप लागायचा प्रश्न नव्हता.

मी एवढंच विचारलं, "किती?"

"आठ."

एक क्षणही ती थांबली नाही. मी तिला आकडा सांगितलेला नव्हता.

मी तिथेच फरशीवर बसले. मी भांडेन म्हणून आई वाट बघत होती आणि मला हसू आवरेना, मग हसता हसता रडू. माझे डोळे शाबूत होते. मला मोजता येत होतं. आठवडाभराचं ओझं असं उतरलं की दुपारी तीन वाजता मी जेवायला बसले आणि आमटीला नाव न ठेवता दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी वाटीतल्या तीन मुंग्या काडेपेटीतून ठाण्याला नेल्या. सरांनी मोजल्या. तिघींना बारा. हकीकत ऐकून ते पोट धरधरून हसले, आणि मोजण्यावरून बोललो ते मागे घेतो म्हणाले. त्या आठ मुंग्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी मला तिथेच बदलायला लावल्या. येऊर खोडून मी लिहिलं, 'डोंबिवली, दुधाच्या कपाटाखाली'.

पंधरांतल्या चार आम्ही परदेशी एका जाणकाराकडे पाठवल्या. उत्तर यायला कित्येक महिने गेले. जात नवी नव्हती. सह्याद्रीच्या पार दक्षिणेकडच्या ओल्या रानांत ती पूर्वीच सापडलेली होती, फक्त इतक्या उत्तरेला कुणी पाहिली नव्हती. प्रबंधाला तेवढं पुरे आहे, सर म्हणाले, आणि पुरलंही. तरी घरी आले ती थोडी हिरमुसलेलीच. आईला म्हटलं, नवी नाही निघाली गं, तिकडे खाली दक्षिणेत ढिगाने आहेत.

"ढिगाने?" तिने पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं तशी ती भिंतीला टेकून बसली.

मुंगी सापडली तेव्हा मी फुशारकीने तिला सांगितलं होतं म्हणे, की ही जगात दुसरीकडे कुठेच नाही. मी ते विसरूनही गेले होते.

"केळीपाशी सोडल्या त्या दुसऱ्या दिवशी दिसल्याच नाहीत," आई म्हणाली. "पंधरा तुझ्या हातून गेल्या, आठ माझ्या. मला वाटलं, आपण दोघींनी मिळून त्यांची जातच संपवली."

इतके महिने ती हे मनात धरून स्वयंपाक करत होती, माझी बोलणी खात होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि ते पत्र तिला पहिल्यापासून मराठीत वाचून दाखवलं. कुठल्या कुठल्या रानात त्या आहेत, ते तिने दोनदा वाचायला लावलं.