निवळलेलं पाणी

माशांची टाकी मी बाबांसाठी आणली असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर ती मी माझ्यासाठी आणली होती.

बाबा मालगुंडच्या घरी एकटेच राहायचे. परसात शेवाळावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर मी त्यांना रत्नागिरीला आमच्याकडे घेऊन आलो. त्यांचं उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून गेलं. आता वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जाणं हाच त्यांचा प्रवास. मी आणि बायको, दोघंही नोकरी करणारे. सकाळी आम्ही बाहेर पडलो की शेजारच्या काकू दुपारी येऊन ताट वाढतात, एवढीच त्यांना दिवसभराची सोबत. संध्याकाळी मी दार उघडायचो तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसलेले असायचे. काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. ते जमत नव्हतं म्हणून मासे आणायचं ठरवलं.

दुकानदाराने टाकी पटकन दाखवली आणि मग फिल्टर मांडायला घेतले. "हा काठाला टांगायचा सर, धबधब्यासारखं पाणी पडतं. हा आत बुडवायचा, मोटारवाला. आणि हा स्पंजाचा, हवेच्या पंपावर चालतो. तुमच्या टाकीला हा स्पंजवाला पुरे."

"यातला स्वस्त कुठला?" मी विचारलं.

"स्पंजवालाच."

विचारलं आणि लगेच लाज वाटली. वडिलांसाठी वस्तू घेताना पहिला प्रश्न हा? दुकानदार सांगत होता की स्वस्त आहे म्हणून वाईट नाही, घाण खाणारे जिवाणू त्या स्पंजातच वाढतात, फक्त पंप चालू ठेवा आणि पाणी बसायला थोडे दिवस द्या. मी मान डोलावत होतो, पण माझं लक्ष काठाला टांगायच्या फिल्टरकडे होतं. शेवटी स्पंजवालाच घेतला. घरी येईपर्यंत रिक्षात मनात एकच चाललं होतं, की इथेही आपण हात आखडताच घेतला.

बाबांना मासे आवडले. सहा गोल्डफिश. त्यातला सगळ्यात मोठा तांबूस मासा पुढे जायचा आणि बाकीचे त्याच्या मागे. त्याचं नाव त्यांनी तांडेल ठेवलं, खलाशांचा म्होरक्या असतो तसा.

"श्रावण लागलाय," ते सुनेला म्हणाले. "आता मासे नुसते बघायचे."

"बघा, बघा. पण जिभल्या चाटू नका," ती म्हणाली.

"आणि हा गुडगुड करतोय तो कोण?"

"हवेचा पंप आहे, बाबा," मी म्हटलं. "तो बंद करायचा नाही."

"आमच्या जहाजाचं इंजिन परवडलं. ते लांब तरी होतं."

आठवड्याभरात पाणी दुधासारखं धुरकट झालं. तांडेल काचेजवळ आला तरच दिसायचा. ऑफिसात फाइल पुढे ठेवून मी मोबाइलवर फिल्टरचे व्हिडिओ बघू लागलो. एक जण सांगायचा पाणी बदला, दुसरा सांगायचा हात लावू नका, तिसरा असा फिल्टर दाखवायचा की ज्याच्या किमतीत आमचा फ्रीज आला असता. तेवढ्या माशांसाठी एवढी काळजी कसली, असं मी स्वतःला विचारत होतो. पण बाबा आता दाराकडे नाही, टाकीकडे तोंड करून बसायचे. ती टाकी गढूळ झाली की मला वाटायचं, आपण त्यांच्यापासून पळ काढतोय हे सगळ्यांना दिसतंय.

"दिवसभरात काही वेगळं वाटलं का?" मी त्यांना विचारलं.

"नाय," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

रविवारी सकाळी नळाला तांबडं पाणी आलं. पावसाळ्यात आमच्याकडे येतंच. बायकोने हंडा भरला आणि नेहमीप्रमाणे त्यात तुरटी फिरवली. थोड्या वेळात गाळ तळाशी बसला, वरचं पाणी नितळ झालं. लहानपणापासून बघत आलोय हे. मी विचार केला, जे पाणी आपण पितो त्याला चालतं, ते माशांना का चालू नये? बाबा आंघोळीला गेले होते, बायको त्यांच्या मदतीला. मी तुरटीचा खडा घेतला आणि टाकीत फिरवला. मग अजून थोडा फिरवला.

दुपारपर्यंत टाकी अशी स्वच्छ झाली की पलीकडच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडाही दिसू लागला. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले.

"फिल्टर लागला म्हणायचा कामाला!"

"हो," मी म्हटलं.

का म्हटलं? स्वस्तातला फिल्टर घेऊनही मी चुकलो नव्हतो, हे त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं म्हणून. एवढंच कारण.

सोमवारी सकाळी दोन मासे तळाशी आडवे पडले होते. बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी मेलेले काढले आणि बाबा उठायच्या आत मागे माडाच्या मुळाशी पुरले. पण सहाचे चार झाले हे लपवणार कसं? उठल्यावर त्यांनी ते बघितलं आणि खुर्ची टाकीपासून जरा मागे घेतली.

ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी दुकानदाराला फोन केला.

"पाण्यात काही टाकलंत का, सर?"

"नाही," मी म्हटलं. शिकलेला माणूस, तुरटी फिरवली म्हणून सांगायचं कसं?

"मग फिल्टर कमी पडत असेल. मोठा लावून बघा."

संध्याकाळी मी तो टांगायचा फिल्टर आणला. धबधब्यासारखं पाणी पडू लागलं. मंगळवारी सकाळी आणखी एक मासा मेलेला होता.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर काकूंनी वाढलेलं ताट तसंच झाकलेलं. बाबांची खुर्ची भिंतीकडे वळलेली. पलंगावर त्यांची कापडी पिशवी भरून ठेवलेली, वर घडी केलेला पंचा.

"मला मालगुंडला नेऊन सोड," ते म्हणाले.

"असं काय बाबा? कोण बघणार तिथे तुमच्याकडे?"

"इथे राहून काय करतोय? तुझे मासे मारतोय." त्यांनी टाकीकडे हात केला. "दुपारी पंप बंद करीत होतो मी. त्या गुडगुडीने डोळा लागत नव्हता. तू सांगितलं होतंस बंद करायचा नाय. तुम्ही यायच्या आधी परत लावायचो. मीच मारले ते."

मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसलो. गप्प राहिलो असतो तर सगळं त्यांच्या माथी गेलं असतं, आणि खरं सांगतो, एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाची आठवण मला अजून त्रास देते. मग मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, पंपाने नाही मेले. मी टाकीत तुरटी फिरवली होती. रविवारी. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले.

"तुरटी?"

"हो."

"मेल्या, मासे काय दाढी करून बसले होते, तुरटी फिरवायला?"

स्वयंपाकघरात बायको हसली. मग त्यांनाही हसू आलं, पण डोळे ओले होते.

"फोन लाव त्या दुकानवाल्याला. आणि त्याला खरं सांग. माझ्यासमोर."

मी स्पीकरवर फोन लावला आणि सांगितलं. पलीकडून आधी एक मोठा सुस्कारा आला.

"अहो सर, हे काल बोलायचंत ना! आपल्या जांभ्या दगडातलं पाणी आधीच हलकं, त्यात क्षार नाहीत. तुरटी पडली की ते पार आंबट होतं. पाणी बादलीत भरून एक दिवस शिळं करा आणि थोडं थोडं बदला, एकदम नको. आणि फिल्टरजवळ शिंपल्यांचा चुरा ठेवा, आंबटपणा मारायला. माझ्याकडे पाकीट मिळेल."

"पाकीट कशाला?" बायको दारातून म्हणाली. "मागे तिसऱ्यांच्या शिंपल्यांची रास पडलीय. आषाढात तुम्हीच तर खाल्ल्यात."

"श्रावणात शिंपले चुलीवर?" बाबा म्हणाले.

"उकळतेय, शिजवत नाहीये."

तिने ते घासून उकळले. बाबांनी खुर्चीत बसून, मांडीवर पाट घेऊन, बत्त्याने त्यांचे जाडसर तुकडे केले. तेवढं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून आम्ही ते स्पंजाशेजारी सोडले. मोठा फिल्टर काढून परत खोक्यात भरला. पंपाखाली बायकोने जुन्या टॉवेलची घडी ठेवली, तेव्हा तो पुष्कळच गप्प झाला.

आणखी एक मासा गेला. तांडेल आणि त्याच्या मागचा एक पांढरट, असे दोघं राहिले. तांडेल काही दिवस जरा कलता पोहत होता, मग सरळ झाला. पाणी अजून पूर्ण नितळ नाही, थोडी धुरकट झाक आहे. पण आता नितळ पाणी बघितलं की मलाच भीती वाटते.

पिशवी त्यांनी रिकामी केलेली नाही. पलंगाखाली सरकवून ठेवली आहे. तिचा मी काही विषय काढत नाही. फक्त दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करतो. पूर्वी करत नसे. पंप चालू आहे का, मासे वर तोंड काढून आहेत का, असं विचारत राहतो, आणि दुसरं काही विचारायचं धैर्य होत नाही.

काल त्यांनी मला मध्येच तोडलं.

"तांडेल जिवंत आहे," ते म्हणाले. "मी पण आहे. जेवलास का तू?"