पाहुणी म्हणून आलेली बाजरी

मंजुषा आमच्या खालच्या मजल्यावर राहते. सिडकोत ब्लाउज शिवणाऱ्या पुष्कळ, पण बाही नीट बसायला हवी तर मंजुषाच, असं आमच्या गल्लीत ठरून गेलेलं. मुलगी लग्न होऊन येवल्याला गेली, नवरा भारत सातपूरच्या कंपनीत पाळीवर. घरात ती आणि तिची मशीन. रिकामं बसणं तिच्या स्वभावातच नाही. काम नसलं की घासलेले डबे पुन्हा घासते.

रोहिणी तिची गिऱ्हाईक. सोडून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देणारी. एक दिवस ती ब्लाउज न्यायला आली ती कुत्री घेऊनच. एका बंद पडलेल्या वर्कशॉपात हिला बांधून, शटर ओढून मालक निघून गेला होता.

"घर मिळेपर्यंत ठेव ना ताई. थोडेच दिवस."

बाजरीच्या भाकरीचा रंग, म्हणून नाव बाजरी. ती भुंकायची नाही, कुणासमोर खायची नाही. नुसती स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारातून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारायची. दार लावलं की थरथरायची, लाकूड ओरबाडायची. मशीन सुरू झाली की कपाटामागे जाऊन तिथेच मुतायची. मग मंजुषाने दार उघडं ठेवून आडवी फळी लावली आणि मशीन गॅलरीत नेली. लग्नसराईत कामं रखडली, बायका कुरकुरू लागल्या.

"सारखी फिरते ही. डोकं उठतं," भारत म्हणाला.

"पाळी बदलली की तुम्हीपण असेच फिरता. मी काही बोलते का?"

हळूहळू बाजरी तिच्या मागे मागे यायला लागली. हात लावू द्यायची नाही, पण पदराला नाक लावून जायची. आणि तेवढ्यात रोहिणीने घर शोधलं. पिंपळगाव बसवंतचा महेश, द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचं पॅकहाऊस, मोठं अंगण, माणूस प्रेमळ. मंजुषानेच बाजरीला चादरीत गुंडाळून उचललं आणि त्याच्या गाडीत ठेवलं. त्या दिवशी तिने एक ब्लाउज उलट्या बाजूने शिवला, उसवला, पुन्हा उलटाच शिवला.

दोन दिवसांनी महेशचा फोन. "ताई, टेम्पोतून क्रेट पडले, लय मोठा आवाज झाला. पट्ट्यातून मान काढून पळाली. बागेत दिसते, पण जवळ येत नाय."

मंजुषा मशीनवरून उठली ती तशीच एसटीत बसली. भर दुपारी ती द्राक्षांच्या मांडवाखालच्या ओळींमधून वाकून हाका मारत फिरली. शेवटी एका ओळीच्या टोकाला बाजरी दिसली. मंजुषा धावली, तशी बाजरी पळाली.

"मला घाबरलीस?" मंजुषा ओरडली. "मला?" आणि मातीत बसून रडली. महेश लांब उभा होता.

"चुकलंच माझं," ती त्याला म्हणाली. "तिला वाटलं असेल, हिनेही टाकलं."

मग ती उठली आणि महेशच्या घराकडे चालू लागली. थोड्या वेळाने महेश हळूच म्हणाला, "ताई, मागं बघू नका. येतीय."

तिने मागे बघितलं नाही, पण मान अवघडून गेली. पाटाशी बाजरी पाणी प्यायला थांबली तर मंजुषाही थांबली. अंगणात पोचल्यावर महेशची आई फाटक लावायला धावली.

"उघडंच राहू द्या आजी!"

फाटक उघडंच राहिलं. बाजरी आत आली, मंजुषाच्या पायाशी बसली, आणि पहिल्यांदाच तिने अंगावर हात फिरवू दिला. पाठीचं कातडं नुसतं थरथरत होतं.

"न्या ताई तुमच्या घरी," महेश म्हणाला. "माझं काय, मी दुसरी बघीन."

रोहिणीने कायमची सोय झाली म्हणून पेढे आणले. पण सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीच्या फटाक्यांत बाजरी दिवाणाखाली आणि मंजुषा तिच्याशेजारी फरशीवर. गॅस सिलिंडरवाला आला की दोघी दचकतात. कपाटाचा कोपरा कुरतडला गेलाय. भारत मात्र आता कामावरून आल्यावर आधी विचारतो, "जेवली का ती?"

परवा रोहिणीचा पुन्हा फोन आला. एक आंधळं पिल्लू आहे, थोडेच दिवस. मंजुषाने ठाम नाही म्हटलं, फोन ठेवला. दुपारभर तिची मशीन मधूनमधून बंद पडत होती, आणि खालून तिच्या येरझाऱ्या मला ऐकू येत होत्या.