खालच्या टोकाला मी

लेव्हलकाकांना कुणी शर्यतीतली आपली वेळ सांगायला गेलं, की ते चक्क कानांवर हात ठेवायचे. "टायम नको सांगू गो. किती चढलंस ता सांग!" मी मुलुंडची, डोंगराच्या पायथ्याची. वेळ मात्र सपाट मैदानात पळणाऱ्या पोरींशी ताडून बघायची आणि रडत बसायची. काकांनी एका हंगामात माझी अक्कल ठिकाणावर आणली.

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे बांधकामावर सुपरवायझर. गवंडी लोक भिंत-लादी समपातळीत आहे का ते बघायला पाणी भरलेला पारदर्शक पाईप वापरतात, त्याला साइटवर सगळे 'लेव्हल' म्हणतात. हा माणूस तो पाईप खांद्यावर टाकून दर रविवारी आमच्या क्लबसाठी क्रॉस कंट्रीचे मार्ग मोजायचा. एकाने पट्टी धरून खाली उभं राहायचं, दुसऱ्याने वर. पाईपाच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत येतं, आणि दोन पट्ट्यांवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे तेवढा चढ. मग दोघांनी पुढे सरकायचं. असा अख्खा डोंगर, दहा-दहा पावलांनी! वर काका, खालच्या टोकाला मी. ऊन डोक्यावर आलं की मला वाटायचं, कुठून या माणसाच्या तावडीत सापडले.

नुसत्या चढावर त्यांचं भागायचं नाही. जमीन कशी आहे, हेही हिशेबात धरायचं. त्यासाठी ते तळ पार झिजलेली एक रबरी चप्पल घालून उतारावरून चालायचे. चप्पल घसरली की वहीत एक फुली. सुटा मुरूम असला की फुल्याच फुल्या. शेवटी चढ आणि फुल्या मिळून त्या मार्गाचं 'वजन' ठरायचं; वजन जितकं जास्त, तितकी धावणाऱ्याची वेळ कमी धरायची. आसपासच्या सगळ्या क्लबांत ते वजन मानलं जायचं, कुणी वाद घालत नसे. मी एकदा फोनवर तोच चढ मोजून दाखवला. काका म्हणाले, "परत मोज." परत मोजला तर आकडा वेगळाच. "हेका मी कामावर ठेवचंय नाय," म्हणाले आणि पाईप गुंडाळायला लागले.

मी सोळा वर्षांची असताना जिल्ह्याच्या संघात मुलींची एकच जागा उरली होती. एक मी, दुसरी वाकोल्याची एक मुलगी. तिची चाचणी बोरिवलीकडच्या जवळजवळ सपाट मार्गावर, माझी आमच्या डोंगरावर. घड्याळात ती पुढे होती. पण आमच्या मार्गाचं वजन इतकं भरलं की हिशेबाअंती जागा मला मिळाली. आईने सोसायटीभर पेढे वाटले.

आता खरं सांगते. चाचणीच्या आधी तो मार्ग मोजताना शेवटच्या चढावर पाईपात हवा शिरली होती. बोटभर लांब बुडबुडा, अगदी माझ्या नाकासमोर. काकांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता, म्हणून ते दर थांब्यावर वरून ओरडून विचारायचे, "पायपात हवा नाय मां?" हवा आहे म्हटलं असतं तर पाईप ओतून, पुन्हा भरून, सगळा चढ पहिल्यापासून मोजावा लागला असता. मी म्हटलं, "नाही काका, चला." पुढच्या थांब्यावर त्यांनी विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. आळस होता की लबाडी, ते आजही मला धड सांगता येत नाही. थोडी लबाडी असावीच.

निवड झाल्यावर चौथ्या दिवशी काका कुणाला तरी सोबत घेऊन तो चढ पुन्हा मोजून आले. "आकडो पचत नाय," एवढंच घरी बोलले होते म्हणे. तिथून तडक निवड समितीपुढे गेले. मीही तिथे होते, टी-शर्टचं माप द्यायला. काका उभे राहिले. "चढ जास्त भरलो. पायपात हवा होती. पाणी खोटा बोलूक नाय, मी बघूक नाय."

माझी जागा वाकोल्याच्या मुलीला गेली. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि वर काकांनाच शिव्या घातल्या. काय गरज होती म्हाताऱ्याला हरिश्चंद्र व्हायची! पुढच्या वर्षी कमिटीने त्यांना बोलावलंच नाही. 'काकांना आता दिसत नाही,' म्हणाले. मोजमाप घड्याळांवर आणि फोनवर गेलं. रविवारी काका घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेले दिसायचे. मी रस्ता बदलून जायचे.

मागच्या वर्षी ते कायमचे गावी निघाले. सामान बांधायला म्हणून मी गेले आणि दोरीची गाठ मारता मारता सगळं ओकून टाकलं. काकांनी मानसुद्धा वर केली नाही.

"ठाव हा माका."

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. हवा असता त्या टोकाचा पाणी वर चढता. हवा माझ्या टोकाक असती तर चढ कमी भरलो असतो. जास्त भरलो म्हणजे ती तुझ्या टोकाक. हिशोब सोपो हा."

"मग समितीपुढे बोलला का नाहीत?"

"तू सोळा वर्सांची होतंस," काका म्हणाले. "माझा काय, माझा झाला होता." मग माझ्या हातातली दोरी घेऊन त्यांनी गाठ सोडवली आणि स्वतः नीट मारली.

मला त्या वेळी एक थोबाडीत बसली असती तर परवडलं असतं हो. तेव्हापासून झोप लागेना. या वर्षी क्लबच्या शर्यतीच्या दिवशी बक्षिसं वाटून झाल्यावर मी माइक मागून घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं: चूक काकांची नव्हती, मला हवा दिसली होती, मी खोटं बोलले. वाकोल्याची ती मुलगी आता कोच आहे, ती पुढच्याच रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, टाळी वाजवली नाही, आणि बरोबरच केलं. कोणी तरी हसलं. सेक्रेटरी खाली बघत राहिले.

संध्याकाळी काकांना फोन लावला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मग ते म्हणाले, "किती माणसां होती?"

"दोनशे."

"मोजलंस?"

"नाही काका," मी म्हटलं. "नाही मोजली."