न रंगवलेला पेटारा

रंगाऱ्याने जन्मभर लोकांची घरं रंगवली आणि उरल्यासुरल्या रंगात स्वतःचं. त्यामुळे त्याच्या घराचं दार एका रंगाचं, चौकट दुसऱ्या, आणि मोरी कुठल्याशा दवाखान्याच्या हिरव्या रंगाची. बायको म्हणायची, "जरा वेळ एका जागी बसले तर मलाही रंगाचा एक हात माराल!" पलंगाशेजारचा आपला लाकडी पेटारा मात्र तिने त्याच्या ब्रशला कधी लागू दिला नाही. "एवढं एक माझं राहू द्या."

मधमाश्याही तिच्याच. ती गेली आणि त्याच उन्हाळ्यात त्या मधपेटी सोडून उडून गेल्या. तेव्हापासून घराला आवाज नव्हता. रेडिओ होता, पण तो भिंतीशी बोलावं तसा बोलायचा.

आज दुपारी अंगणातून गुणगुण आली. लिंबाच्या फांदीला माश्यांचा थवा लटकला होता, ओल्या पोत्यासारखा जड, तपकिरी. रंगारी धावत अंगणात आला. थवा असा वाटेत टेकतो. मनाजोगं घर मिळालं नाही तर उठून चालता होतो, हे तिनेच त्याला सांगितलं होतं.

तिची मधपेटी त्याने नुकतीच आतून-बाहेरून ऑइलपेंट देऊन ठेवली होती. कधी कुणी आलंच, तर पेटी जुनाट दिसायला नको. त्याने शिडी लावली, तोंडाला मफलर गुंडाळला, ती द्यायची तसा फांदीला एकच हिसका दिला. थवा धप्पकन पेटीत पडला. झाकण ठेवून तो जवळच उकिडवा बसला. थोड्याच वेळात माश्या भराभरा बाहेर आल्या आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच.

कुंपणापलीकडून शेजारीण हसली. "भाऊजी, ओल्या रंगाच्या खोलीत कोण झोपेल?"

"मी झोपलोय की जन्मभर."

"तुमचं नाक मेलंय, त्यांचं नाही. ताई त्या पेटीला आतून फडकंसुद्धा लावायच्या नाहीत. मेणाचा वास हवा असतो त्यांना. जुनं मेण आहे का घरात?"

होतं. शिवताना ती दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढायची, आणि तो गोळा त्या पेटाऱ्यात असायचा. वर्षानुवर्षं लाकूड ते मेण पीत आलं होतं. ती गेल्यापासून रंगाऱ्याने पेटारा उघडला नव्हता. आतला वास एकदा बाहेर पडला की संपला, असं त्याला वाटायचं.

उन्हं कलली. फांदीवरचा थवा चुळबुळ करू लागला.

त्याने झाकण उचललं. स्वेटर, उशीचे अभ्रे, चष्म्याचं घर, सगळं एकेक करून पलंगावर, तिच्या बाजूला ठेवलं. मेणाचा गोळा तेवढा तळाशी राहू दिला. मग वाकून एक खोल श्वास घेतला. दुसरा घेतला नाही. पेटारा ओढत अंगणात फांदीखाली नेला आणि पुन्हा हिसका दिला.

या खेपेला माश्या आतच राहिल्या. कुलूप निघालेल्या जागी अंगठ्याएवढं भोक होतं. तिथे काही जणी शेपट्या वर करून पंख हलवू लागल्या, मागे राहिलेल्यांना बोलावू लागल्या. बाहेरच्या आत शिरू लागल्या.

"बसल्या हो!" शेजारीण म्हणाली. "पण ताईंचं सामान?"

"पलंगावर आहे."

"आणि तुम्ही?"

"मावतो की कडेला."

शेजारीण गेल्यावर तो आत आला. पलंगावरचा स्वेटर उचलून त्याने त्यात तोंड खुपसलं. लोकरीचा वास आला, नुसता लोकरीचा. खिडकीबाहेर पेटारा गुणगुणत होता.