चपला काढून आलेला जमाव

नववीत हिंदीत नापास झालेली माझी विद्यार्थिनी आता हिंदी सिनेमे काढते, आणि तिच्या सिनेमातलं हिंदी तपासायला मी निवृत्त बाई नागपूरहून कोल्हापूरला निघाले. यात कोणी कोणावर सूड उगवला, हे गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

मृण्मयीचा फोन आला तो असा: "बाई, दंगलीवरचा सिनेमा आहे. गाव उत्तरेतलं दाखवायचंय, पण शूटिंग कोल्हापुरात. जमावातली माणसं सगळी इथलीच. ती हिंदीत घोषणा देतात आणि मला भूक लागते."

"भूक काहून?"

"काहून की मिसळीची ऑर्डर दिल्यासारखी वाटते. तुम्ही याच."

दंगलीचे हिंदी सिनेमे मी फारसे बघत नाही. त्यातला जमाव एका साच्यातून काढलेला असतो, सगळ्यांचे डोळे तेवढेच लाल. तसं मी तिला म्हणालेही. ती म्हणाली, "म्हणूनच तर हा काढतेय. माझ्या जमावातल्या प्रत्येकाला चेहरा आहे, नाव आहे. एकाला तर चाळिशीचा चष्मासुद्धा आहे." चष्म्याचं ऐकून मला बरं वाटलं.

एक अख्खा दिवस आणि वर काही तास गाडीत काढून मी कोल्हापूर स्टेशनवर उतरले. रिक्षावाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "मावशी, शूटिंगला काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हातात कागदं हाईत, तोंडावर राग हाय. चार दिस झालं, असलीच मानसं सोडतोय की बावड्याला."

कसबा बावड्याच्या टोकाला नव्या बिल्डिंगा संपतात आणि ऊस सुरू होतो. हवेला कारखान्याच्या मळीचा (गाळपानंतर उरणारा काळा पाक) आंबूस वास. त्या उसाला लागून एका मोकळ्या रानात उत्तर हिंदुस्थानातली एक गल्ली उभी होती. अकरा दुकानं, एक मशिदीची कमान, एक देऊळ, चहाची टपरी. पुढून बघितली तर भिंतींना पावसाळ्यांचे ओघळसुद्धा होते. मागून नुसतं प्लायवूड आणि बांबू. मी पोचले तेव्हा शेजारच्या वस्तीतली एक बाई बांगड्यांच्या दुकानात बसलेल्या नटाशी भाव करत होती, आणि तो बिचारा देता येत नाही म्हणून काकुळतीला आला होता.

तिला मी हसले आणि लगेच माझी पाळी आली. मिठाईच्या दुकानात परातभर जिलब्या मांडल्या होत्या. मी उपाशी. एक उचलून चावली. ती प्लास्टरची निघाली. कला दिग्दर्शक ओरडत धावत आला, पण माझ्या दाढेसाठी नव्हे. परात आदल्या दिवशीच्या शॉटमध्ये दिसली होती, त्यामुळे तिच्यातली एकही जिलबी हलता कामा नये, असं त्याचं म्हणणं. माझ्या दातांचे ठसे उमटलेली बाजू खाली करून त्याने ती जिलबी जागेवर ठेवली, आणि पुढे तीन दिवस मी त्या दुकानापाशी गेले की तो माझ्याकडे बघत राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाल्ली. आम्ही नागपूरकर तिखटाच्या बाबतीत कोणाला मोजत नाही, त्यामुळे कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) वाढणाऱ्या माणसाला मी "अजून" म्हणाले. तो म्हणाला, "बगा हं." मी बघितलं. पुढचा अर्धा तास मला काहीच दिसलं नाही.

मग जमावाची तालीम. पन्नास माणसं. कोणी शेतकरी, कोणी दूधवाले, आणि बरेचसे एकाच तालमीतले (कुस्तीच्या आखाड्यातले) पैलवान. त्यांच्यात दोन्ही धर्मांचे लोक होते आणि कपडेपटाच्या दादांनी त्यांची वाटणी फार सोप्या पद्धतीने केली होती. ज्याच्या अंगात जो कुर्ता शिरला, तो त्याचा धर्म. पैलवानांच्या दंडात एकाच बाजूचे कुर्ते शिरले, म्हणून मारणाऱ्यांच्यात इस्माईल आणि रमजान होते, आणि मार खाणाऱ्यांच्यात टोपी घालून बसलेला किडकिडीत पांडुरंग. जेवणाच्या सुट्टीत हा पांडुरंग भाकरी मोडत इस्माईलला म्हणाला, "दुपारच्याला जरा दमानं मार रं. काल पाठीत रट्टा बसला." इस्माईलने आपल्या ताटातलं लोणचं त्याच्या ताटात टाकलं. घोषणांचं हिंदी मी दोन तास घासून घेतलं. भूक लागायची थांबली, एवढं मी अभिमानाने सांगते.

या जमावाचा म्होरक्या सर्जेराव. पस्तिशीचा, घरी सहा म्हशी, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. सिनेमात त्याला एक वाक्य आणि एक काम. जमाव घेऊन शिंप्याच्या दुकानात शिरायचं, "निकल बे बुड्ढे, बाहर निकल" म्हणायचं आणि म्हाताऱ्या शिंप्याला गचांडी धरून रस्त्यावर ओढायचं. तिसऱ्या दिवशी शूटिंगला सुट्टी होती, म्हणून त्याने मला आपल्या जीपमधून पन्हाळ्याला नेलं. वर धुकं इतकं की किल्ला मी बहुतेक त्याच्या तोंडूनच पाहिला. झुणका-भाकरी आणि घट्ट दही समोर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, अख्खी तालीम बघनार हाय मला पडद्यावर. आई तर आत्तापास्नंच सांगत सुटलीया. पर एक वांधा हाय."

"काय?"

"शिंपी वस्ताद हाईत."

वस्ताद म्हणजे कुस्ती शिकवणारे गुरू. दस्तगीर वस्तादांनी सर्जेरावला सातव्या वर्षी मातीत उतरवलं होतं. तालीम सांभाळून ते पैलवानांचे लंगोट आणि जांगे शिवत. मशीनवर बसलेला त्यांचा हात बघूनच मृण्मयीने त्यांना शिंप्याच्या कामाला घेतलं होतं. आता तालमीची रीत अशी, की वस्ताद दिसले की आधी पायातलं काढायचं, मग वाकून पाया पडायचं, आणि त्यानंतर काय ते बोलायचं.

"मग सकाळीच पाया पडून मोकळा हो," मी म्हणाले. मला हा तोडगा फार हुशारीचा वाटला होता.

चौथा दिवस त्या शॉटचा. त्याच संध्याकाळी गल्ली जाळायची होती. आगीची परवानगी आणि बंब त्या एकाच दिवसासाठी मिळाले होते, आणि जळालेल्या गल्लीत पुन्हा काही जमणार नव्हतं. चारपर्यंत सर्जेरावचा शॉट झाला नाही, तर त्याचं काम मुंबईहून आलेल्या दुसऱ्या नटाला जाणार होतं. तो नट रंगरंगोटी करून गाडीत एसी लावून बसलेला होता. सर्जेराव अधूनमधून त्या गाडीकडे बघायचा आणि पदर नाही म्हणून कुर्त्याच्या टोकाने घाम पुसायचा.

मला शिंप्याच्या दुकानात मागच्या पडद्याआड बसवलं होतं, वाक्य विसरलं तर पुटपुटायला. त्यामुळे पुढचं सगळं मी चार हातांवरून पाहिलं.

पहिला टेक. आरडाओरडा करत जमाव आला. सर्जेराव दारात आला, वाकला, वस्तादांच्या पाया पडला.

"कट!" मृण्मयी ओरडली. "अहो, सकाळी पडला होतात ना?"

"पडलोतो की मॅडम. पर तुमी ॲक्शन म्हनला, म्हंजे नव्यानं भेट झाली की."

दुसऱ्या टेकला तो वाकला नाही. दाराशी थांबून त्याने फक्त चपला काढल्या. तिसऱ्या टेकला चपला पायात राहिल्या, पण मागच्या पैलवानांना वाटलं, चपलांचं ते बोलणं एकट्या सर्जेरावसाठी होतं. दुकान लुटायला आलेल्या जमावातल्या वीस जणांनी उंबऱ्याबाहेर चपलांची ओळ लावली आणि अनवाणी आत घुसले. कॅमेरामन खाली बसून हसायला लागला. पडद्याआड मीही तोंडात पदर कोंबला होता. चौथ्याला सर्जेराव म्हणाला, "निकलो की जरा भायेर, वस्ताद." पाचव्याला वाक्य बरोबर आलं, पण वस्तादांची कॉलर त्याने अशी धरली, जशी कोणी समारंभात दुसऱ्याच्या कपड्यावरचा दोरा काढतं.

पावणेतीन वाजले. मृण्मयी हसायची थांबली होती. तिने त्याला बाजूला घेतलं, पण तोच आधी बोलला. "मला काढा मॅडम. हात उठत न्हाय. वस्तादांना मातर ठेवा." एवढा अजस्र माणूस, आणि अंगातला कुर्ता काढायला लागला. मला त्याची फार दया आली.

वस्ताद मशीनवरून उठले नाहीत. त्यांनी हाक मारली, "सर्ज्या, हिकडं ये. बस."

तो खाली मातीत बसला. पडद्याआड मी आहे हे दोघेही विसरले होते.

"मागं दंगा झालता, तवा माझं दुकान तालुक्याला हुतं," वस्ताद म्हणाले. "असंच दार हुतं. म्होरं गर्दी. त्यात माझ्या हाताखाली शिकलेली दोगं हुती. एकानं मला बघितलं आनि नजर खाली घातली. दुसरा सरळ चालत आला. त्यानं चप्पल काढली न्हाय. मी त्याला नावानं हाक मारली. म्हनलं, वळकलं की सोडंल. तर नाव ऐकलं आनि तेला लईच चेव आला. मशीन उचलून रस्त्यात टाकली. मला बी."

सर्जेराव मान वर करत नव्हता.

"ह्या बाईनं त्येच दाखवायचं ठरवलंय. आनि तू सारखा पाया पडून त्ये खोटं करायलायस. हा डाव हाय असं समज. तुला शिकवला न्हवता. आज शिकवतो. मी तुझं नाव घेईन. नाव ऐकलंस की माझ्याकडं बघायचं. नजर काढायची न्हाय. मग हात आपोआप चालतोय."

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. असा धडा मी कधी दिला नाही, आणि देण्याची हिंमतही माझ्यात नाही.

सहावा टेक. जमाव आला. दारात सर्जेराव. वस्तादांनी मशीन थांबवली, चष्म्यावरून पाहिलं आणि संहितेत नसलेलं वाक्य फार मऊ आवाजात म्हणाले, "सर्ज्या? पानी दूँ क्या?"

सर्जेरावने त्यांच्याकडे पाहिलं. मला फक्त त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो मला आजही नको वाटतो. त्याने आरोळी ठोकली, गळ्याला हात घातला, मशीन पायाने उलथली आणि वस्तादांना उंबऱ्यावरून ओढत नेलं. माझ्या हातातला कागद चुरगळला. बाहेर पन्नास माणसं घोषणा द्यायची विसरली. इस्माईल तोंडावर हात धरून उभा होता.

"कट," मृण्मयी म्हणाली, पण तिचा आवाज कोणाला ऐकूच गेला नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं.

सर्जेराव रस्त्यात गुडघ्यांवर बसला होता. वस्तादांनी कपडे झटकत उठून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता जमला." मग मुंबईचा नट रंग पुसून आपल्या वाटेने गेला.

गल्ली जाळली तेव्हा सगळा बावडा बघायला लोटला होता. कला दिग्दर्शक रडला. मी त्याला माझी जिलबी कुठे आहे ते विचारलं, तर तेवढ्यातही त्याला हसू आलं. पांढरा-तांबडा रस्सा खाऊन आम्ही सगळे लवकर झोपलो.

सकाळी स्टेशनवर सोडायला सर्जेराव आला. माझ्या मांडीवर त्याने गुळाची ढेप ठेवली आणि खाली उतरून खिडकीचे गज धरून उभा राहिला. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, "काल फार छान काम केलंस."

"मॅडम, काल पडद्याआडनं ऐकलासा न्हवं, त्यो नजर खाली घातलेला," तो म्हणाला, "त्यो मी हुतो."

मी मांडीवरची ढेप बाकावर ठेवली. मग विचारलं, "वस्तादांना माहीत आहे?"

"त्यांनीच बघितलं की मला. आजवर एका शब्दानं बोलले न्हाईत. मी रोज पाया पडतो, ते रोज पडू देत्यात. ह्या कामासाठी माझा फोटो काढाया त्येच घेऊन गेलते." गाडी हलली. तो चार पावलं बरोबर चालला. "तवा बघाया पायजे हुतं त्यांच्याकडं. निस्तं बघाया. काल बघितलं."

मिरज येईपर्यंत मला त्याचा राग आला होता. हे मी लपवणार नाही. पन्हाळ्यावर याच माणसाने मला दही वाढलं होतं, धुक्यात माझा हात धरून बुरुजावर चढवलं होतं. तो त्या दाराशी उभा होता आणि त्याने खाली पाहिलं. पुणं गेलं तरी राग होताच, पण आता तो एकट्या त्याच्यावर राहिला नव्हता. माझ्या वर्गातून गेलेली कितीतरी मुलं मला आठवत होती, आणि त्यांतली कोण कुठल्या दाराशी उभी राहिली असतील, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर गूळ फोडून शेजारी वाटला. शेजारणीने विचारलं, "कोणी दिला हो इतका छान?"

"माझा एक विद्यार्थी आहे कोल्हापूरला," मी म्हणाले.