चौदा जणांचा भात

सायलीचा ट्रान्स्फरचा अर्ज माझ्या टेबलावर होता. सोमवारी त्यावर सही करायची होती. लॅबमधली सर्वांत चांगली मुलगी. कारण लिहिलं होतं, ‘वैयक्तिक’.

कदम साहेबांनी तो वाचला. म्हणाले, “सावंत, वैयक्तिक म्हणजे तुम्ही.”

आमची कॅलिब्रेशन लॅब आंबिवलीला आहे. कारखान्यांचे वजनकाटे, थर्मामीटर बरोबर दाखवतात का, ते आम्ही तपासतो. प्रत्येक उपकरणाला थोडी चूक माफ असते. तिला टॉलरन्स म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी माझी बायको, सुमन, गेली. तेव्हापासून सायलीचं प्रत्येक रीडिंग मी स्वतः पुन्हा घेत होतो. कधी तीनदा. चूक एकदाही सापडली नाही. घरी जायची घाई नव्हती.

“रविवारी सगळे खडवलीला जातोय,” साहेब म्हणाले. “ऑफिसात जे करता, ते तिथे करायचं नाही. चिठ्ठ्या टाकू.”

नदीकाठी चिठ्ठ्या निघाल्या. साहेबांच्या वाट्याला भांडी आली. स्वयंपाकाची मुख्य सायली. तिच्या हाताखाली मी, चौदा जणांच्या भातासाठी.

“पाणी किती मिली?” मी विचारलं.

“मिली?” ती हसली. “सर, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर.”

सुमन असंच मोजायची. ‘कुणाचं बोट ते लिहून ठेव,’ म्हणून मी तिला तीस वर्षं चिडवलं. मी टोपात बोट बुडवलं आणि जरा वेळ तसंच ठेवलं. सायलीने पाहिलं.

तीन दगडांच्या चुलीवर टोप चढला. मी झाकण काढून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चौथ्या वेळी ती ओरडली, “अहो सर, ठेवा ना ते झाकण! वाफ राहणार कशी?”

मग हळू आवाजात म्हणाली, “लॅबमध्ये पण तेच करता. मला वाटायला लागलंय, मला काही येतच नाही.”

“तुझी एकही चूक सापडलेली नाही.”

“मग सांगायचं ना, सर.”

साहेब मध्ये पडले. “सावंत, बाजूला व्हा. ऑर्डर आहे.”

“साहेब, तुम्ही आज भांडीवाले,” सायली म्हणाली. “ऑर्डर मी देणार. सर, नदीवर जाऊन बसा. घड्याळ इथे ठेवा.”

गेलो. उथळ पाण्यात एक बगळा उभा होता. त्याच्याकडे बघत बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही.

भात वर कच्चट, खाली करपलेला. सगळ्यांनी आमटी ओतून खाल्ला. साहेब टोप घासत बराच वेळ पुटपुटत होते.

सोमवारी सायलीने थर्मामीटरचं सर्टिफिकेट आणलं. मी ते वाचलं, रीडिंग पुन्हा न घेता सही केली. मग तिचा अर्ज पुढे ओढला.

“तो राहू दे, सर. महिनाभर बघते.”

“म्हणजे आता तू मला तपासणार?”

“हो. पण एकदाच.”

महिन्याने तिने अर्ज परत नेला.

भात आता मी घरी करतो, पाणी बोटाने मोजून. झाकण मध्ये एकदा तरी उघडतोच. तेवढं टॉलरन्समध्ये बसतं.