कुलवृत्तांतात नसलेल्या बायका

माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. आधी तो पायऱ्यांवर अडखळायचा, मग मांडीवर हात रोवून उठायचा, मग उठेनासाच झाला. घरात त्याला कोणी आजार म्हणालं नाही, दोष म्हणायचे. ग्रामदेवतेला कौल लावला, त्यात निघालं की पणजोबांनी आंब्याची कलमं लावायला राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, जागेतलं झाड तोडलं होतं. झालं, सगळं खापर बाबांच्या घराण्यावर फुटलं. प्रायश्चित्त म्हणून बाबांनी चपला सोडल्या. शाळामास्तर माणूस, चैत्रात तापलेल्या कातळावरून अनवाणी शाळेत जायचा. भांडण झालं की आई हमखास म्हणायची, "तुमच्या वाडवडिलांनी खाल्लं माझ्या पोराला." बाबा गप्प. मला त्यांच्या गप्प बसण्याचाच राग यायचा. आता स्वतःचा येतो.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचा चार वर्षांचा मुलगा मांडीवर हात रोवून उठला. मी हातातलं ताट खाली ठेवलं. मला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

तपासणीसाठी मुंबई गाठली. डॉक्टरीणबाईंनी घराण्याची माहिती आणायला सांगितली होती, म्हणून मी बाबांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत नेला. चौदा पिढ्या! मोठ्या तोऱ्यात टेबलावर ठेवला. त्यांनी चार पानं उलटून विचारलं, "यात मुली कुठे आहेत?"

"मुली सासरी गेल्या की तिकडच्या. त्यांचं इथे काय?" मी म्हटलं, वर हसले. त्या हसल्या नाहीत. पुस्तक मिटून त्यांनी कोऱ्या कागदावर माझ्या आईचं माहेर मांडायला घेतलं. आईचा एक भाऊ लहानपणीच गेला होता. पायांनी अधू होता, एवढंच मला ठाऊक.

रिपोर्ट आले. जनुकातला तोच बिघाड नातवात, लेकीत आणि माझ्यातही. "तुमच्या आईतही असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार मुलाला बापाकडून येऊच शकत नाही, आईकडून येतो. बायकांना स्वतःला बहुधा त्रास होत नाही." पूर्ण बरं करणारं औषध आहे का, हे मी दोनदा विचारलं आणि दोनदा नाही ऐकलं. मग त्यांनी आईच्या बहिणींची चौकशी केली.

एक मावशी दापोलीला. तिच्या लेकीच्या लेकीला तिसरा महिना लागलेला. ती विश्रांतीला तिथेच, आजोळी, आली होती. तिचं रक्त लगेच तपासायला हवं होतं; तिच्यात बिघाड निघाला तर पोटातल्या बाळाचीही तपासणी वेळेत करावी लागणार, उशिरा कळून उपयोग नव्हता.

तरी आईला सांगायला मी चार दिवस लावले. ऐंशी ओलांडलेल्या बाईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी सांगितलं. आई म्हणाली, "फोन लावून दे. मीच सांगत्ये."

मावशीने ऐकून घेतलं आणि उसळलीच. "काहीतरीच काय गो, ताई! ते तुझ्या सासरचं. चाळीस वर्षं तूच सांगत्येस ना? माझ्या नातीला त्यात कशाला ओढत्येस?" आणि फोन ठेवला. आईने स्वतःच पेरलेलं होतं, दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दापोलीला गेलो. मावशीच्या ओटीवर सगळे जमले होते, नातजावईसुद्धा. मी रिपोर्ट काढला, पण कोणी हात लावेना. आई खांबाला धरून उभी राहिली.

"माझा मुलगा माझ्यामुळे गेला," ती म्हणाली. "आपला भाऊ आपल्या आईमुळे. कोणी मुद्दाम नाही केलं, पण आलं ते आपल्याकडून. ह्यांचा काही दोष नव्हता. मी त्यांना जन्मभर नाहक बोलले."

हे ऐकायला बाबा हवे होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

मावशी पदर तोंडाला लावून आत गेली. नात मात्र पोटावर हात ठेवून आईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, रक्त कुठे द्यायचं?"